दिवाणजी जुनाच प्रोग्रॅम धरून बसलेत

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी 28 वर्षांची प्रोग्रॅमर ऐरोलीत राहते आणि महाप्याच्या एमआयडीसीतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. तिच्या टीमने वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका आडत्यासाठी वर्षभर खपून नवा प्रोग्रॅम केला. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (म्हणजे मालाच्या विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या), खरेदीदारांची बिलं, उधारी, सगळं ब्राउझरमध्ये. मोकळी पांढरी स्क्रीन, मोठी बटणं, शेतकऱ्याचं नाव निवडायला ड्रॉपडाउन. शेठ खूश आहेत. पण गाळ्यावरचे साठीतले दिवाणजी सकाळच्या गर्दीत अजून फॉक्सप्रो या डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या) काळातल्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या जुन्या काळ्या स्क्रीनवरच पट्ट्या करतात आणि दुपारी एका मुलाकडून त्या नव्यात भरून घेतात. नव्यावर बसवलं की अर्धवट पट्ट्या सेव्ह करतात, कधी तर टॅबच बंद करून टाकतात. "पोरी, तुझं छान आहे, पण माझा हात चालत नाही त्यावर," एवढंच म्हणतात. बॉस म्हणतो, 31 मार्चला जुना बंद करू, पंधरा दिवसांत शिकतील. टीममधला सीनियर म्हणतो, यूझर असेच असतात. ती विचारते: बदलाला घाबरणाऱ्या माणसासाठी आणखी किती सोपं करायचं? बटणं अजून मोठी करू, शिकवायला व्हिडिओ बनवू, की जुना बंदच करू? आणि असल्या कामात अडकण्यापेक्षा एखाद्या मोठ्या प्रॉडक्ट कंपनीत जाऊ का?

वर्षभर घासून केलेलं काम समोरचा माणूस दुपारी दुसऱ्याच्या हातून उरकून घेतो, याचा राग कुणालाही येईल. तुम्हालाही आला, त्यात गैर काही नाही. मला खटकलं ते "बदलाला घाबरणारा माणूस" हे तुमचं वर्णन. हेच दिवाणजी काका गाडीवाल्याचं भाडं फोनवरून यूपीआयने देतात, असं तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिलंय. शिवाय रोजमेळ आणि खतावणी हाताने लिहिणारा माणूस कधीतरी पहिल्यांदा फॉक्सप्रोसमोर बसला असणारच. वहीवरून कीबोर्डवर येणं हा तुम्ही आणताय त्यापेक्षा मोठा बदल होता, आणि तो त्यांनी पचवलाय. तेव्हा भीतीचं कारण बाजूला ठेवू आणि ते काय म्हणाले तेच शब्दशः घेऊ. माझा हात चालत नाही. तुम्हा लोकांकडे येणाऱ्या तक्रारींत इतकी नेमकी तक्रार क्वचितच येत असेल.

हात का चालत नाही, याचा माझा अंदाज सांगते. जुन्या डॉसच्या प्रोग्रॅममध्ये एंटर मारलं की कर्सर पुढच्या फील्डमध्ये जातो. शेतकऱ्याचा कोड, एंटर, गाडी नंबर, एंटर, गोण्या, एंटर, वजन, एंटर, भाव. ब्राउझरमधल्या फॉर्ममध्ये एखाद्या फील्डवर असताना एंटर मारलं की, तुम्ही मुद्दाम अडवलं नसेल तर, अख्खा फॉर्म सबमिट होतो. तुमच्या अर्धवट पट्ट्या इथून येतात. काका "न बघता एंटर मारत सुटतात" अशी तुमची तक्रार आहे. न बघता मारता येणं हीच तर त्यांची कमाई आहे, कारण त्यांचे डोळे काट्यावरच्या चिठ्ठीवर असतात.

टॅब बंद होण्याचं कारण तर मला जवळजवळ खात्रीने सांगता येईल. फॉक्सप्रोमध्ये कंट्रोल-डब्ल्यू म्हणजे सेव्ह करून बाहेर पडा. ब्राउझरमध्ये कंट्रोल-डब्ल्यू म्हणजे टॅब बंद, आणि साध्या टॅबमध्ये तुमच्या पानाला तो आदेश अडवूही देत नाहीत. म्हणजे काका पट्टी पूर्ण करून, इमानदारीत सेव्ह करायला जातात आणि पट्टी गायब होते. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा मीही जुन्याकडे पळाले असते.

तिसरी गोष्ट बघून कळत नाही, म्हणून ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. डॉसच्या पीसीत दाबलेल्या 15 की साठवून ठेवायची सोय होती. स्क्रीन मागे राहिली तरी तुम्ही पुढे टाइप करत राहायचं, मशीन मागून येऊन गाठायचं. तुमचा नवा फॉर्म सर्व्हरकडून नावं आणेपर्यंत अर्धा सेकंद थांबतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात दाबलेले आकडे हरवतात. वजन 642 चं 42 होतं. ज्याने आयुष्यभर शेतकऱ्याला पैशाचा हिशोब दिलाय, त्याला अशा यंत्रावर विश्वास कसा बसेल?

आता "सोपं" या कल्पनेकडे येऊ. वर्षातून एकदा घरपट्टी भरायला जी स्क्रीन उघडायची, तिच्यावर मोठी बटणं, मोकळी जागा, पायरीपायरीने विचारणं हे सगळं हवंच. तिथे प्रत्येकजण दरवेळी नवखाच असतो. ठाणे स्टेशनवर आरक्षणाच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाचं काम वेगळं. तो स्टेशनचं नाव निवडत बसत नाही, टीएनए हा स्टेशनचा कोड टाइप करतो आणि पुढे जातो. त्याला मोठी बटणं दिलीत तर रांग लांबेल. दिवाणजी या दुसऱ्या जातीचे आहेत, आणि तुम्ही त्यांना पहिल्या जातीची स्क्रीन दिलीत. त्यामुळे "आणखी किती सोपं करू" या प्रश्नाचं माझं उत्तर आहे, या दिशेने अजिबात नको. बटणं वाढवलीत तर हात आणखी लांब न्यावा लागेल, आणि व्हिडिओ बघून एंटरचं वागणं बदलत नाही.

हे नुसतं माझं मत नाही, मोजता येतं. 1980 मध्ये स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल यांनी एक साधी आकडेमोड मांडली, तिला कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल म्हणतात. बेताचं टाइप करणाऱ्याला एक की दाबायला 0.28 सेकंद, हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला 0.4, नेमक्या जागी नेऊन टेकवायला 1.1, आणि काही ठरवावं लागलं तर मनाच्या तयारीला 1.35. सरावलेला माणूस चुका न करता काम करतो, असं हे मॉडेल धरतं. म्हणजे आपल्या काकांसाठीच बनवल्यासारखं आहे. तुमच्या पट्टीत कोड, गाडी, गोण्या, वजन, भाव, हमाली, तोलाई, भाडं आणि उचल अशी नऊ फील्ड धरू. माउसने एका फील्डवरून दुसऱ्यावर जायचं तर हात नेणं, टेकवणं, क्लिकचे 0.2, हात परत आणणं, मिळून 2.1 सेकंद. एंटरने 0.28. नऊ फील्डचा फरक सोळा सेकंदांच्या वर जातो. हंगामात दिवसाला दीडशेच्या आसपास पट्ट्या होतात म्हणता, म्हणजे रोजची 40 मिनिटं, तीही ट्रक दारात उभे असताना. ड्रॉपडाउनमध्ये नाव शोधण्याचे 1.35 मी अजून धरलेलेच नाहीत.

तुम्ही म्हणाल, पुढच्या फील्डमध्ये जायला कीबोर्डवर टॅबची की आहे ना! आहे, पण मधे तारखेचं कॅलेंडर, मदतीचं चिन्ह आणि "नवीन शेतकरी जोडा" हे तिघे टॅब अडवून बसलेले असतात का, ते एकदा माउस बाजूला ठेवून बघा. बहुतेक असतात.

अशीच एक गोष्ट अमेरिकेत घडली होती, आणि ती तुमच्या बॉसला सांगण्यासारखी आहे. न्यूयॉर्क आणि आसपासची टेलिफोन सेवा चालवणाऱ्या नायनेक्स कंपनीला आपल्या ऑपरेटरांसाठी नवी यंत्रं घ्यायची होती. स्क्रीन चांगली, माहिती लवकर उमटणार, कीही कमी दाबाव्या लागणार. एका कॉलमागे सरासरी एक सेकंद वाचला तर वर्षाला 30 लाख डॉलर वाचतील असा हिशोब होता. वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल ॲटवुड यांनी ऑपरेटरच्या कामाची बारीक मांडणी करून सांगितलं की नवं यंत्र उलट हळू पडेल. प्रत्यक्ष चाचणीत ते जुन्यापेक्षा सुमारे 4 टक्के हळू निघालं. 1993 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कारण मोठं मजेशीर आहे. ज्या की कमी केल्या त्या ऑपरेटर गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकत असताना दाबायची. तो वेळ तसाही जाणारच होता, त्यामुळे वाचलं काहीच नाही. आणि नव्या मांडणीत जी एक की कॉलच्या शेवटाकडे सरकली, तिथे मात्र सगळेच तिच्यासाठी थांबू लागले.

म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट सुचवते. गाळ्यावर जा, तीही दुपारच्या निवांत वेळी नाही, पट्ट्यांच्या ऐन गर्दीत. मागे स्टुलावर बसा. बोलू नका, शिकवू नका, "काका, हे असं करा" तर मुळीच नको. मापाडी आकडा सांगतो तेव्हा काकांचा हात कुठे असतो, फोन खांद्यात धरून ते कोणत्या फील्डपर्यंत जातात, शेतकरी समोर उभा राहिल्यावर मागची पट्टी कशी काढतात, एवढंच लिहून घ्या. काय हवंय हे त्यांना विचारू नका. ते म्हणतील जुन्यासारखं करून दे, आणि तसंच्या तसं करणंही बरोबर नाही. बोटांना जे येतं ते तोंडाने सांगता येत नाही, बघावंच लागतं.

तुमच्या सीनियरबद्दल थोडं बोलते, कारण त्याच्या वाक्याने मला गंमत वाटली. तो स्वतः कोड लिहायला विम हा नुसत्या कीबोर्डवर चालणारा एडिटर वापरतो, माउसला हात लावत नाही आणि त्याचा त्याला अभिमान आहे, असं तुम्हीच लिहिता. विमचा पूर्वज व्हीआय बिल जॉयने 1976 च्या सुमारास लिहिला. त्यात कर्सर हलवायला एच, जे, के, एल वापरतात, कारण त्याच्याकडच्या एडीएम-3ए टर्मिनलवर बाणांची चिन्हं त्याच चार कींवर छापलेली होती. जवळजवळ पन्नास वर्षं जुन्या टर्मिनलच्या सवयीवर महाप्यात बसून कोड लिहिणाऱ्या माणसाने दिवाणजींच्या सवयीला हसावं! तुमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. स्वतःसाठी काळी स्क्रीन, शॉर्टकट, एडिटरवरून भांडणं. गिऱ्हाइकासाठी मात्र चित्रं आणि गोल कोपऱ्यांची बटणं, कारण त्याला तेवढंच झेपेल असं आपणच ठरवलेलं. स्वतःला जे हक्काने घेता ते काकांनाही द्या, एवढंच माझं म्हणणं.

ही विषमता येते कुठून, तेही बघा. तुमची स्क्रीन पास झाली ती मीटिंगमध्ये, भिंतीवर, प्रोजेक्टरवर. पाहणारे शेठ आणि तुमचा बॉस. त्यांच्यापैकी कुणालाही ती चालवायची नव्हती. भिंतीवर रंग दिसतात, मोकळी जागा दिसते, वेग दिसत नाही. पुढच्या वेळी डेमो काकांच्या हातून द्या, आणि फोटो दाखवण्याऐवजी दहा पट्ट्यांचा वेळ लावून दाखवा.

एवढं सगळं काकांच्या बाजूने बोलल्यावर हेही सांगायला हवं की जुना प्रोग्रॅम जायलाच हवा. मायक्रोसॉफ्टने 1992 मध्ये फॉक्सप्रो विकत घेतलं, पुढे त्याचं व्हिज्युअल फॉक्सप्रो झालं, आणि 2015 च्या जानेवारीत त्याचाही आधार संपला. डॉसचे प्रोग्रॅम 64 बिटांच्या विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि विंडोज 11 फक्त 64 बिटांतच येतं. म्हणजे गाळ्यावरचा तो जुना पीसी कांद्याच्या धुळीत ज्या दिवशी मान टाकेल, त्या दिवशी आडत्याची सगळी उधारी त्याच्यासोबत जाईल. बॅकअप पेनड्राइव्हवर घेतात म्हणता, पण तो पेनड्राइव्ह टेबलाच्या त्याच खणात असतो. शिवाय शेतकऱ्यांचे कोड काकांच्या डोक्यात. उद्या ते महिनाभर आजारी पडले तर तो दुपारी एंट्री करणारा मुलगा काय करेल? तुमच्या नव्या प्रोग्रॅमचा खरा फायदा इथे आहे. शेठना घरबसल्या फोनवर उधारी दिसणं हाही फायदाच. त्यांच्यासाठी ती मोकळी पांढरी स्क्रीन अगदी योग्य आहे, तिला हात लावू नका. दोन माणसं, दोन कामं, मग स्क्रीन दोन असायला काय हरकत आहे?

बॉसचा मार्ग, जुना सरळ बंद करायचा, चालणारच नाही असं नाही. काका शिकतीलही. पण शिकून झाल्यावरसुद्धा रोजची ती 40 मिनिटं कुठे जाणार? माउसचा प्रवास सरावाने थोडा कमी होतो, संपत नाही. आणि आत्ता चाललंय तसं दोन्हीकडे चालू ठेवणं सगळ्यात वाईट. एकच पट्टी दोनदा भरली की कधी ना कधी दोन आकडे होतात, आणि शेतकऱ्यासमोर दोन आकडे झाले की आडत्याची पत गेली.

तेव्हा नवाच ठेवा, पण पट्टीची स्क्रीन पुन्हा बांधा. एंटरने पुढचं फील्ड, शेवटच्या फील्डवर एंटर मारलं की बेरीज दिसेल आणि आणखी एका एंटरने सेव्ह. फील्डचा क्रम जुन्या प्रोग्रॅमचाच. शेतकऱ्याच्या फील्डमध्ये कोड टाकला तर लगेच नाव यावं, नावाची अक्षरं टाकली तर यादी यावी, म्हणजे काकाही खूश आणि तो मुलगाही. यादीचा क्रम मात्र "अलीकडे वापरलेले वर" असा रोज बदलता ठेवू नका. कालची तिसरी ओळ आज पाचवी झाली की पुन्हा डोळे लावावे लागतात. शेतकऱ्यांची नावं पान उघडतानाच ब्राउझरमध्ये आणून ठेवा. एका आडत्याकडे असून असून किती असतील? मग सर्व्हरची वाट बघायला नको आणि दाबलेल्या की हरवणार नाहीत. की दाबल्यापासून एक दशांश सेकंदाच्या आत काहीतरी उमटलं तर माणसाला ते तात्काळ वाटतं, तेवढंच लक्ष्य ठेवा. अर्धी पट्टी आपोआप जपून ठेवा, म्हणजे कंट्रोल-डब्ल्यू झालं तरी टॅब उघडल्यावर ती तिथेच सापडेल. "तुम्हाला खात्री आहे का?" असं विचारणाऱ्या खिडक्या काढून टाका. दिवसात दीडशे वेळा विचारलं की माणूस न वाचता हो म्हणतो. त्याऐवजी शेवटची पट्टी मागे घ्यायची एक की द्या.

जाता जाता, बटणावरच्या मराठी अक्षरांचे उकार आणि मात्रा कापल्या जातायत, हे तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसलं. ओळीची उंची इंग्रजी अक्षरं बघून ठरवली की हे होतं. "पट्टी" ची वेलांटी छाटलेली बघून काका काही बोलले नसतील, पण मी बोलणार.

जुन्या बोटांसाठी नव्यात जागा ठेवणं कमीपणाचं वाटत असेल तर एक्सेल बघा. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने जुने मेनू काढून रिबन, म्हणजे वरच्या बाजूला बटणांची रांग, आणली. मेनू दिसायचे बंद झाले, तरी नुसते आकडे पेस्ट करायचा ऑल्ट, ई, एस, व्ही हा कींचा जुना क्रम आजही चालतो. ठाण्यात नौपाड्यातल्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात जाऊन बघा, आर्टिकलशिपची पोरंसुद्धा तोच मारतात, जो मेनू त्यांनी कधी पाहिलेलाच नाही. याच कंपनीने 2012 मध्ये विंडोज 8 मधून स्टार्ट बटण काढलं, लोक ओरडले, आणि पुढच्या वर्षी 8.1 मध्ये ते परत आलं. एवढ्या मोठ्या कंपनीला माघार घ्यावी लागली, तुमच्या बॉसलाही घ्यायला हरकत नसावी.

बॉसशी बोलताना "यूझरचा अनुभव" वगैरे शब्द नकोत. रोजची 40 मिनिटं, गुणिले हंगामाचे दिवस, एवढा कागद पुढे ठेवा. शेठला तो लगेच कळेल आणि मग बॉसलाही कळेल. बदल कितीसा आहे? डेटाबेस तोच, रिपोर्ट तेच, एका फॉर्मचं काम. वर्ष वाया गेलं असं जे तुम्हाला वाटतंय ते म्हणूनच खरं नाही.

नोकरी बदलायची की नाही, याचं उत्तर या प्रसंगावरून काढू नका. पगार, शिकायला मिळणं, बॉस, यांवरून ठरवा. मोठ्या प्रॉडक्ट कंपनीत तुम्हाला दिवाणजी भेटणारच नाहीत, फक्त त्यांच्या क्लिकचे आलेख भेटतील. काहींना तेच आवडतं. मुलाखतीला जायचंच असेल तर हे काम पूर्ण करून जा. एका पट्टीला आधी किती वेळ लागत होता आणि आता किती लागतो, हे स्वतः मोजून सांगणारे उमेदवार फार नसतात.

राहिली 31 मार्चची तारीख. हिशोबाचं वर्ष संपतं म्हणून बॉसला ती सोयीची वाटते, पण उन्हाळ कांदा नेमका त्याच सुमाराला काढणीला येतो आणि गाड्या वाढतात. तेव्हा पट्टीची स्क्रीन बदलणं म्हणजे आफत ओढवून घेणं. शिलकी आणि उधारी 1 एप्रिलला नव्यात उतरवून घ्या, त्याला कुणाची हरकत नसेल. पट्ट्या मात्र गाड्या कमी झाल्यावर हलवा, आणि तो आठवडा कुठला, ते काकांनाच ठरवू द्या. पहिले काही दिवस जुना पीसी शेजारी चालू राहू दे. ते त्याच्याकडे किती वेळा वळतात ते मोजत राहा, आणि दरवेळी कशासाठी वळले ते त्याच दिवशी दुरुस्त करा.